दहा पट्ट्यांची जर्सी

घरी आलेल्या माणसाला खालच्या दारावरून थेट वर चढवायचं आणि खाली कोण राहतं याचा चकार शब्द काढायचा नाही, ही धाकटीची जुनीच खोड. जिना चौदा पायऱ्यांचा. खालच्या मजल्यावर थोरली जाऊ, वरच्या मजल्यावर धाकटी, आणि मध्ये हा लाकडी जिना. कुणाचाही पाय पडला की कुरकुरायचा. गेल्या दहा वर्षांत कुरकुरला नसेल तेवढा तो या दोन महिन्यांत कुरकुरला.

थोरली आपलं दार वीतभर उघडं ठेवून बसायची. सताड उघडं ठेवलं तर वाट बघत बसलीय असं दिसायचं, आणि लावून घेतलं तर कोण आलं ते कळायचं नाही. वीतभर फटीतून फक्त बूट दिसायचे. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला माणूस ओळखायला बूट पुरतात.

"कोण गं आत्ता गेलं वर?" तिने सुनेला विचारलं.

सून बसवर कंडक्टर. दुपारची पाळी असली की सकाळी घरात असायची, आणि बोलायची ती तिकीट फाडल्यासारखं, तुटक. "न्हावी. आणि बरोबर दोघं कॅमेरावाले."

"कॅमेरा कशाला?"

"काकूंची मुलाखत घ्यायला. जुन्या जर्सीबद्दल."

"जर्सी काकूंनी विणली होती का?"

"मला काय विचारता आई, मी तेव्हा जन्मले तरी होते का?"

थोरलीने दाराची फट आणखी चार बोटं वाढवली. दार असं करकरलं की सुनेने कांदा चिरायचा थांबवून एकदा मागे वळून पाहिलं.

त्या जर्सीची गोष्ट अशी. पन्नास वर्षांपूर्वी गावात दोन कारखाने होते, एक दोरखंडाचा आणि एक बाटल्यांचा. दोघांचे दोन फुटबॉलचे संघ होते आणि दोन्ही संघ इमानेइतबारे हरायचे. शेवटी शहाण्या माणसांनी दोन्हींचा मिळून एकच क्लब केला. दोरखंडवाल्यांचा रंग लाल, बाटलीवाल्यांचा पांढरा. पट्टे उभे आणि दहाच, पाच लाल, पाच पांढरे, कुणाचाही एक पट्टा जास्त नको. एवढं ठरवायला म्हणे त्यांना तीन बैठका लागल्या. ठरलं खरं, पण तशी जर्सी विणणार कोण? विणायच्या मशीनवर ओळी आडव्या पडतात, म्हणजे पट्टेही आडवेच येणार. दोन विणणाऱ्यांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं. मग ते थोरलीकडे आले. तिच्याकडे मशीन होतं, आणि तिची जीभ माहीत असूनही आले, म्हणजे गरज किती होती बघा.

थोरलीने एक दिवस विचार केला. शाळा तिने चौथीत सोडली होती, पण लोकर हातात आली की तिचं डोकं पळायचं. तिने जर्सी आडवी निजवून विणली. एका काखेपासून सुरू करायचं ते दुसऱ्या काखेला संपवायचं, आणि मग तुकडा फिरवून उभा धरायचा. आडवे विणलेले पट्टे अंगात उभे. दोन्ही कारखान्यांतल्या साहेबांना जे सुचलं नाही ते तिला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत सुचलं.

त्यात एकच मेख होती. पट्टे दहा, म्हणजे लालने सुरू केलेला तुकडा पांढऱ्याने संपणार. पुढची बाजू लालने सुरू केली आणि पाठही तशीच लालने सुरू केली, तर दोन्ही तुकडे एकमेकांना जोडताना खांद्यावर लालसमोर पांढरा येतो. म्हणून पाठ पांढऱ्याने सुरू करायची. मशीनच्या वर भिंतीवर तिने खडूने लिहून ठेवलं होतं, 'पुढा लाल, पाठ पांढरी'. अक्षर वेडंवाकडं, नियम सरळ.

विणायचं थोरलीने आणि जोडायचं धाकटीने. खांदे शिवायचे, बाजू शिवायच्या, बाह्या लावायच्या, गळा करायचा. धाकटीचा हात सुईला चांगला होता, हे थोरली कबूल करायची, फक्त तोंडाने नाही.

पहिल्याच वर्षी संघ अंतिम सामन्याला पोहोचला. कप्तान एवढा उंच की त्याला सगळे शिडी म्हणायचे. त्याची जर्सी मापाबाहेरची, म्हणून सगळ्यात शेवटी झाली, सामन्याच्या सकाळी. धाकटीने जोडली तशी कुणीतरी सायकलवरून नेली. दुपारी थोरली मैदानावर गेली आणि शिडीला बघून तिच्या पायाखालची जमीन सरकली. बाकी सगळ्यांच्या खांद्यावर लालला लाल, पांढऱ्याला पांढरा. शिडीच्या खांद्यावर लालला पांढरा. भर मैदानात, हजार माणसांसमोर, तिच्या मशीनची अब्रू.

घरी आल्याबरोबर तिने धाकटीला गाठलं. "पाठ उलटी जोडलीस ना?" कारण तुकडा आतला बाहेर केला की पट्ट्यांची बाजू बदलते. सुलट टाक्यांची गुळगुळीत बाजू आत गेली असणार आणि उलट टाक्यांची खरबरीत बाजू बाहेर आली असणार. घाईत होतं असं, मन जोडकामात नसलं की.

धाकटी चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, "असेल हो ताई."

असेल हो. एवढंच. थोरलीच्या लेखी तो कबुलीजबाब झाला आणि खटला निकालात निघाला. जर्सी काही तपासायला मिळाली नाही, कारण शिडीने त्या दिवशी शेवटच्या मिनिटाला गोल मारला, कप जिंकला, आणि जर्सी अंगातून काढली ती स्वतःच्या ट्रंकेतच ठेवली. शुभ आहे म्हणाला. पुढच्या वर्षी सगळे खेळाडू अडून बसले, आम्हालाही शिडीसारखा खांदा पाहिजे. म्हणजे पुढची अकरा वर्षं थोरलीला आपला नियम स्वतःच्या हाताने मोडून दोन्ही तुकडे लालने सुरू करावे लागले. चूक धाकटीची आणि पायंडा पडला तिच्या मशीनवर. दर जर्सीला ती दात खाऊन पहिली ओळ घालायची.

मग हाताची मशीनं गेली, जर्सी गिरणीत व्हायला लागल्या, पण खांदा तसाच राहिला. आणि गेल्या वर्षी क्लबने नवीन कंपनी धरली. कंपनीने काय दिलं, तर पातळ, चकचकीत, काखेतून वीज निघून बेंबीवर पडावी असली नक्षी. पट्टे गेले, खांदा गेला. एरवी सामन्याला दोनशे माणसं जमवताना नाकीनऊ यायचे, पण जर्सी बदलली म्हटल्यावर अख्खं गाव पेटलं. न्हावी पुढारी झाला. प्रत्येक सामन्याची पहिली दहा मिनिटं सगळे मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. सह्यांचे कागद न्हाव्याच्या दुकानात. गळ्यावर वस्तरा असताना सही कोण नाकारणार, त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या दाढीला येणाऱ्यांच्या सह्या आधी आल्या.

आणि या सगळ्यात जुनी जर्सी कुणी केली असं विचारत न्हावी आला, तो चौदा पायऱ्या चढून वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने फोनवर मुलाखत लावून दिली. धाकटी खिडकीपाशी बसलेली, केस नीट विंचरलेले, गालाला ती खळी. पंचाहत्तरीतही ती खळी बुजली नव्हती, काय खाते कोण जाणे. म्हणत होती, "आम्ही तेव्हा विचार केला, दोन कारखान्यांची माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली, तर मग खांद्यावरसुद्धा लालला पांढरा भिडला पाहिजे." कॅमेरा धरणाऱ्याने नाक ओढल्याचा आवाज आला. बहुधा रडत होता.

"परत लाव," थोरली म्हणाली.

सुनेने परत लावलं.

"आम्ही म्हणजे कोण? राजा आहे का ती, स्वतःला आम्ही म्हणवून घ्यायला?"

"आम्ही म्हणजे तुम्ही दोघी असेल."

"मग दुसरीचं नाव घ्यायला जीभ झडली का? आणि मुद्दाम केलं म्हणे. पाठ उलटी जोडली आणि त्याचा झाला खांद्याला खांदा. हात दाखवून अवलक्षण, आणि लोक त्याला नमस्कार करतात."

"आई, लोक आठ हजार आहेत," सून म्हणाली.

"कुठले आठ हजार?"

"ज्यांनी हे बघितलं ते."

थोरलीने फोन परत दिला. त्या रात्री ती जेवली, पण चव कशाचीच लागली नाही.

हे आजचं नव्हतं. धाकटी लग्न होऊन आली आणि आठ दिवसांत सासू तिच्या खोलीत जाऊन बसायला लागली. थोरलीला चार वर्षं 'अगं' म्हणणाऱ्या सासूने धाकटीला पहिल्याच आठवड्यात 'बाळ' म्हटलं. घरातलं मांजर थोरलीच्या हातचं दूध पिऊन धाकटीच्या मांडीवर झोपायचं. थोरलीचा मुलगा, पोटचा, शाळेतून आला की दप्तर खाली टाकून धाडधाड वर. काकूच्या हातचं जेवतो म्हणायचा. थोरलीने एकदा चोरून चव घेतली, तेच मीठ, तेच पीठ. मग काय होतं वर? थोरलीला एकच गोष्ट अशी होती जिथे धाकटी पोहोचू शकत नव्हती, ते मशीन. त्याच्यापुढे बसली की ती कुणाची थोरली नव्हती, कुणाची सून नव्हती. आता आठ हजार माणसं ते मशीनही उचलून वर घेऊन चालली होती.

दोन दिवसांनी न्हावी पुन्हा आला. फटीत त्याचे बूट दिसले आणि थोरलीने दार उघडलं.

"पाय पुसून चढा. जिना मी पुसते."

न्हावी चपापला. "नमस्कार काकू. वरच्या काकूंना आनंदाची बातमी द्यायची होती. व्यवस्थापन निम्मं वाकलंय. रविवारी चार वाजता क्लबच्या हॉलमध्ये बैठक. जुनी खरी जर्सी दाखवा म्हणतात, मग परत आणू. आणि गळ्याच्या आतल्या पट्टीवर जिने पहिली केली तिचं नाव भरून घालणार. प्रत्येक जर्सीत."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. खेळाडूंच्या आणि विकायच्या, सगळ्या. म्हटलं तर मानेला टेकूनच नाव." न्हाव्याला मानेचं कौतुक असणारच.

थोरलीने चौकट धरली. "मशीन कुणाचं होतं, विचारलंत का वर?"

"मशीन?"

"जर्सी काय झाडाला लागते? विणली कुणी, विचारा जाऊन. आणि खरी जर्सी आहे कुठे तुमच्याकडे?"

"शिडीदादांच्या मुलीने पाठवलीय. ते गेले त्याला सहा वर्षं झाली, ट्रंकेत होती. माझ्या दुकानात आहे, खोक्यात. मी हातसुद्धा लावत नाही, तेलाचे हात."

पन्नास वर्षं जो पुरावा ट्रंकेत पडून होता, तो न्हाव्याच्या दुकानात आला होता.

"पाठ बघितलीत का? सुलट आहे की उलट?"

"म्हणजे काय काकू?"

"म्हणजे काय ते रविवारी येऊन दाखवते. मला एक खुर्ची ठेवा. आणि वर जाऊन यातलं काही बोलू नका."

न्हावी वर गेला आणि अर्थातच सगळं बोलला. न्हाव्याच्या तोंडात तीळ भिजेल, तर तो न्हावी कसला. थोरलीला खालून ऐकू आलं, वर कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग खुर्ची सरकली. घाबरली, थोरलीला वाटलं, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा धाकटीच्या घाबरण्याने तिला गाढ झोप लागली.

रविवारी तिने स्वतः विणलेला निळा स्वेटर घातला, ज्याला शिवणसुद्धा स्वतःच घातली होती. दार उघडलं तर जिन्याच्या खालच्या पायरीवर धाकटी, हात पुढे करून.

"ताई, बरोबरच जाऊ."

"मला माझे पाय आहेत."

"गुडघा दुखतोय ना तुमचा."

"गुडघाही माझाच आहे."

थोरली एका फुटपाथवरून निघाली, धाकटी समोरच्या. थोरली सावकाश चालली तर धाकटीही सावकाश. थोरली दुकानापाशी थांबली तर तिकडे धाकटी बुटाची नाडी बांधायला वाकली. तिच्या बुटांना नाडीच नव्हती. शेवटी दोघी हॉलच्या दारात एकाच वेळी पोहोचल्या, आणि लोक उभे राहिले ते धाकटीसाठी.

हॉल छोटा, भिंतीवर कपांचं काचेचं कपाट, लोखंडी घडीच्या खुर्च्या. शंभर जागा आणि दीडशे माणसं. पुढे टेबलामागे क्लबचे अध्यक्ष, त्यांच्या शेजारी कंपनीचा माणूस, ज्याची स्वतःची पँट घोट्याच्या वर संपत होती आणि तो दुसऱ्यांच्या कपड्यांचा निवाडा करायला आला होता. टेबलावर खोकं, त्यात पातळ कागदात गुंडाळलेली जर्सी. धाकटीला पहिल्या रांगेत उशी घातलेली खुर्ची. थोरलीला दुसऱ्या रांगेत, पाण्याच्या पिंपाशेजारी. पिंपाचा नळ गळत होता आणि प्रत्येक थेंब ती मोजत होती.

कंपनीचा माणूस म्हणाला, "पट्टे परत आणायला आमची हरकत नाही. पण हा खांदा म्हणजे सरळ सरळ शिवणकामातली चूक आहे असं आमचे लोक म्हणतात. चुकीला परंपरा म्हणून कसं विकायचं?"

हॉलमध्ये गलका झाला. अध्यक्षांनी टेबलावर पेन आपटलं. "काकू, तुम्ही सांगा. हे मुद्दाम केलं होतं ना?"

धाकटी उभी राहिली. "आम्ही तेव्हा..."

"आम्ही नको," मागून आवाज आला. थोरली उभी होती. "आम्ही पुरे झालं. आता मी सांगते. ही जर्सी विणली मी. माझ्या मशीनवर, माझ्या डोक्याने. दोन विणणाऱ्यांनी जमणार नाही म्हटलं होतं, मी आडवी विणून उभी केली. या बाईंनी जोडली. आणि तो खांदा काही खांद्याला खांदा बिंदा नाही. पाठ उलटी जोडलीय. खोकं उघडा, मी हात लावून दाखवते. सुलट बाजू आत गेलीय, उलट बाहेर. लहान पोरीलासुद्धा कळेल."

थोरलीने पिंपाच्या नळाखाली हात धुतले, स्वेटरला पुसले आणि टेबलापाशी गेली. न्हाव्याने कागद उलगडला. लाल आता विटेसारखा झाला होता, पांढरा ताकासारखा, कोपराला एक रफू, कुणा अनाडी हाताचा. थोरलीने जर्सी पालथी केली आणि पाठीवर तळहात ठेवला.

डोळे अधू झाले होते तिचे. बोटं झाली नव्हती.

पाठ गुळगुळीत होती.

तिने बोट वरून खाली ओढलं. टाक्याच्या आत टाका, वेणीसारखा, एकसारखा, सुलट. तिने जर्सी बाजूला घेतली, काखेची शिवण दोन बोटांनी फाकवली. सुरुवातीची ओळ तिच्या बोटांइतकी कुणाच्याच बोटांना ओळखता आली नसती, तिथे धागा दुहेरी असतो. पुढची बाजू, सुरुवात लाल. मग दुसरी काख. पाठ, सुरुवात लाल.

दोन्ही लाल. अकरा वर्षं दात खाऊन ज्या जर्सी तिने विणल्या, तशीच हुबेहूब ही. आणि ही तर तिने आधी विणलेली. भिंतीवर नियम लिहून, त्याच्या खाली बसून, तिने स्वतः मोडलेला.

"काय काकू?" अध्यक्षांनी विचारलं. "उलटी आहे?"

थोरलीने मान वर केली तर समोर धाकटीचा चेहरा. त्यावर ना भीती होती ना आश्चर्य. तिला माहीत होतं. जोडताना खांदा हातात घेतला त्या सकाळपासून माहीत होतं.

धाकटी घाईघाईने पुढे आली. "उलटीच आहे. ताई म्हणतात ते खरं. मी घाईत पाठ उलटी जोडली. मुद्दाम केलं म्हणाले ते आपलं लोकांना गोड वाटावं म्हणून. माझीच चूक. ताईंचं विणकाम चोख होतं. नाव त्यांचंच घाला गळ्यात, माझं नको." आणि बोलता बोलता तिने जर्सी हळूच ओढून घेतली आणि पाठ खाली घालून टेबलावर पसरली. कुणी हात लावून बघू नये म्हणून.

झालं. थोरलीला जे हवं होतं ते सगळं तिच्यापुढे वाढून ठेवलं होतं. नाव तिचं, चूक धाकटीची, दीडशे साक्षीदार. अध्यक्षांनी पेन उचललं. फक्त गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग अख्खा हॉल. न्हावी डोळे पुसत होता. "काय मन आहे हो काकूंचं," म्हणत होता. "या वयात चूक कबूल करायची, नाव सोडून द्यायचं, सोपं नाही." बायका धाकटीचा हात धरायला पुढे झाल्या. नाव थोरलीचं आणि टाळ्या धाकटीला.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"थांबा," ती म्हणाली. कुणी ऐकेना, तेव्हा तिने अध्यक्षांचं पेन घेऊन टेबलावर आपटलं, त्यांच्यापेक्षा बरं. "पाठ सुलट आहे. हात धुऊन या आणि कुणीही बघा. दोन्ही तुकडे लालने सुरू झालेत. सुरू केले मी. ही खोटं बोलतेय. चूक माझी आहे."

टाळ्या बंद झाल्या. कंपनीच्या माणसाने तोंड उघडलं, थोरलीने त्याच्याकडे बघितलं, त्याने मिटलं.

"मग नाव?" अध्यक्षांनी विचारलं. बिचाऱ्यांचा चेहरा असा झाला होता की कुठून या क्लबात आलो.

"नाव माझंच. विणली मी, चुकले मी. चुकली म्हणून ती दुसऱ्या कुणाची होत नाही. तिचं खाली घाला. बारीक अक्षरात."

"आणि खांदा?" कंपनीचा माणूस पुटपुटला.

"खांदा आहे तसाच," न्हावी म्हणाला, आणि मागची दीडशे माणसं अशी काही गुरगुरली की अध्यक्षांनी मान डोलावून लिहून टाकलं. पट्टे दहा, खांदा जुना. दोन महिन्यांचा लढा अशा रीतीने एका ओळीत संपला, आणि लोक एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले.

थोरलीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती धाकटीसमोर उभी होती.

"तेव्हा का नाही बोललीस?"

धाकटीने जर्सीची बाही नीट केली, जी आधीच नीट होती. "पोराला गोवर होता त्या आठवड्यात. तुमचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. एका पायाने पाळणा, एका हाताने मशीन. आणि सासूबाई तेव्हा मशीन विकायच्या गोष्टी करत होत्या. चूक झाली म्हणून कळलं असतं तर विकलंच असतं. तुम्ही विचारलंत तेव्हा वाटलं, बरं झालं, तुम्हालाच माझ्यावर शंका आहे. मग काय, असेल म्हटलं." ती थोडी हसली. ती खळी पडली. "पन्नास वर्षं ऐकून घेतलं तुमचं. त्यात काय एवढं, ताई."

त्यात काय एवढं. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जशी ती विणून झालेला तुकडा उजेडात धरून पाहायची. कुठेतरी एक टाका सुटलेला सापडेल म्हणून. सापडला नाही, आणि त्यामुळे ती आणखीच पेटली.

"ऐक," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. "तुला माझ्याशी खोटं बोलायची खोड नाही, हे मी आजवर धरून चालले होते. ते चुकीचं निघालं. पण तुझी खरी खोड ती नाहीच. तुला चांगुलपणाची हाव आहे. सासू घेतलीस, मी काही बोलले नाही. माझं पोर तुझ्या ताटात जेवायचं, मी काही बोलले नाही. लोक तर तुझेच. निदान माझी चूक तरी माझ्याकडे राहू द्यायची होतीस. तीसुद्धा उचलून वर नेलीस आणि पन्नास वर्षं सांभाळलीस, वर मला शिव्या घालायला लावल्यास. मशीन तुझ्यामुळे राहिलं, हे मी विसरणार नाही, आणि ते तुला माफही करणार नाही. बाईने इतकं चांगलं असू नये, धाकटे. शेजारी राहणाऱ्याला जागाच उरत नाही."